नंदादीपाचे तेल आणि गाडीचे पेट्रोल

देवस्थानाच्या वार्षिक सभेस नियमाने बसणाऱ्या महाजनांस एक गोष्ट परिचयाची असेल. जमाखर्चाचे वाचन चालले असता बांधकाम, रंगकाम, विजेचे देयक अशा मोठ्या रकमा भराभर पुढे सरकतात, परंतु 'नंदादीपाचे तेल' ही बाब आली की कोणी तरी वृद्ध गृहस्थ हात वर करतात आणि विचारतात, "गेल्या वर्षापेक्षा यंदा तेल अधिक का लागले?" मग वातीची जाडी, गाभाऱ्यातील वारा, तेल घालणाऱ्याचा हात यांवर बराच वेळ चर्चा होते. आम्ही ही चर्चा अनेकदा ऐकली आहे व तीत भागही घेतला आहे. ती क्षुद्र आहे असे आम्हांस कधी वाटले नाही. तेल देवाचे आहे, ते वाया जाऊ नये, ही भावना त्या प्रश्नामागे असते.

सभा आटोपून आपण बाहेर येतो. प्राकाराबाहेर गाड्या उभ्या असतात. त्यांतील चार-सहा गाड्यांची इंजिने चालू असतात. आत कोणी बसलेले असते किंवा नसतेही, मालक येईपर्यंत गाडी थंड राहावी एवढ्यासाठी एसी लावून ठेवलेला असतो. तेलाच्या पळीविषयी आत्ताच कळकळीने बोललेले गृहस्थ त्यांपैकीच एका गाडीत बसून निघून जातात. आणि यात काही विसंगती आहे असे कोणाच्याही मनात येत नाही. आमच्याही मनात येत नसे. का येत नसे, असे कोणी विचारले असते तर उत्तर तयार होते: ते तेल देवाचे, हे पेट्रोल माझे, त्याचे दाम मी मोजले आहेत.

दाम मोजले म्हणजे वस्तू सांडण्याचाही अधिकार मिळतो काय, हा प्रश्न आमच्यापुढे गेल्या माघात एका लहानशा प्रवासाने उभा केला. त्या प्रवासाची हकीकत सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाही.

आम्ही पाचजण बेळगावहून कवळ्यास श्रीशांतादुर्गेच्या दर्शनास निघालो होतो: आमचा पुतण्या व सूनबाई, आमच्या थोरल्या भगिनी अक्का, शेजारचे एक वयस्क गृहस्थ आणि आम्ही. या गृहस्थांनी सरकारी बस चालविण्यात सारी हयात घालविली असून आता ते निवृत्त आहेत; आळीत लहानथोर सारे त्यांना मामा म्हणतात. गाडी पुतण्याची, पेट्रोलवर चालणारी, मागे डिकी असलेली मध्यम आकाराची सेडान. सकाळी निघताना त्याने टाकी तोंडापर्यंत भरून घेतली, कारण गाडी लिटरमागे किती जाते याची त्याला त्या दिवशी एकदाची शहानिशा करावयाची होती. कंपनीच्या पत्रकात बाविसाच्या आसपासचा आकडा होता; त्याच्या हाती पंधराही पडत नव्हते. आपली फसवणूक झाली अशी त्याची पक्की समजूत होती.

निघण्यास उशीर झाला. उशीर का झाला ते महत्त्वाचे नाही. तो नेहमी होतो. खानापूर मागे पडले तेव्हाच आम्ही घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "बाबा, जरा हात उचल. दुपारची आरती चुकेल." हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे. पुतण्याने आज्ञा पाळली. पुढे मोकळा रस्ता दिसला की गाडी उसळी घेई, समोर मालवाहू ट्रक आला की ब्रेक लागे, ट्रकला मागे टाकले की पुन्हा उसळी. अक्कांच्या पायांशी ओटीची परडी होती. तीतला नारळ प्रत्येक ब्रेकसरशी बाहेर पडून पुढच्या आसनाखाली गडगडत जाई आणि सूनबाई वाकून तो परत ठेवीत. असे किती वेळा झाले ते आम्ही मोजले नाही. पण नारळ कुठे आहे हे शोधण्यातच अक्कांचा प्रवास गेला.

अनमोडचा घाट लागला तसे पुतण्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. "उतारावर पेट्रोल कशाला जाळायचे?" असे तो मोठ्या समाधानाने म्हणाला. मागून मामांचा आवाज आला, "गिअरात घ्या. घाटात गाडी मोकळी सोडू नये." त्याने घेतली, पण थोड्या नाराजीने. घाटाच्या पायथ्याकडील एका वळणावर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेला एक मनुष्य रस्त्याच्या कडेने चालला होता. आमचा वेग त्या वळणास साजेसा नव्हता. ब्रेक किंचाळला, गाडी थोडी हलली आणि थांबली. तो मनुष्य मोळीसह गटाराच्या बाजूस झाला. त्यास काही लागले नाही. त्याने आमच्याकडे एकवार पाहिले आणि चालू लागला. आरडाओरडा केला असता तर आम्हांस बरे वाटले असते.

कवळ्यास पोचलो तेव्हा आरतीस अजून पंधरा मिनिटे अवकाश होता.

दर्शन झाल्यावर अक्का गुडघ्यांमुळे आमच्या आधी गाडीत येऊन बसल्या. ऊन तापले होते. पुतण्याने इंजिन चालू करून एसी लावला आणि तो पुन्हा आत गेला. आता म्हाताऱ्या माणसास थंडावा मिळावा म्हणून जळलेल्या पेट्रोलास आम्ही उधळपट्टी म्हणणार नाही. वडीलधाऱ्यांना घामाघूम होऊ देऊन चार रुपये वाचविणे यास आपल्याकडे काटकसर म्हणत नाहीत. त्यास दुसरा शब्द आहे. तथापि आम्ही चाळीस मिनिटांनी परतलो तेव्हा गाडीच्या मागे फुलांच्या वेण्या विकणारी एक बाई पदर नाकाशी धरून बसलेली दिसली. धुराची नळी नेमकी तिच्या टोपलीकडे होती. ती एवढेच म्हणाली, "गाडी बंद करात, बाबा." मामांनी आजूबाजूस पाहिले. तीस पावलांवर झाडाची दाट सावली होती आणि तेथे जागाही मोकळी होती. गाडी तेथे नेली, काचा खाली केल्या. अक्का म्हणाल्या, येथे तर वारा आहे. ही सावली आम्ही आलो तेव्हाही तेथेच होती. उभ्या गाडीचे इंजिन एसीसह चालू ठेवल्यास तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाते. म्हणजे अर्धा लिटर पेट्रोल आम्ही अक्कांसाठी जाळले असे नव्हे. कोणी मान वळवून पाहिले नाही म्हणून ते जळले.

प्रसादाच्या पंक्तीत पुतण्याने कंपनीच्या फसवेगिरीचा विषय पुन्हा काढला. त्याची तक्रार सर्वथा निराधार आहे असे नाही, म्हणून तिचा थोडा विचार करू. आपल्या देशात जाहिरातींत आजवर झळकलेले हे आकडे ज्या चाचणीतून येत आले ती चाचणी घेणाऱ्या संस्थांत पुण्याच्या वेताळ टेकडीवरील 'एआरएआय' ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था प्रमुख होय. गाडी तेथे रस्त्यावर धावत नाही. ती जागच्या जागी फिरणाऱ्या रोलरांवर चढवितात आणि ठरवून दिलेल्या क्रमाने तिचा वेग वाढवितात, उतरवितात, थांबवितात. हा क्रम सुमारे वीस मिनिटांचा असतो. त्यात वेग ताशी ९० किलोमीटरांपलीकडे जात नाही. एसी बंद असतो. खड्डा नाही, घाट नाही, डिकीत सामान नाही, आणि मागे बसून "हात उचल" म्हणणारा काकाही नाही. अशा स्थितीत मिळालेला आकडा खोटा नसतो. सर्व गाड्यांस एकाच मापाने मोजून त्यांची तुलना करता यावी हा त्याचा उपयोग. तो रस्त्यावरील वचन म्हणून जाहिरातीत छापला जातो ही व्यापाऱ्यांची लबाडी खरीच. परंतु बाविसातून पंधरा वजा करून उरणारे सातही किलोमीटर त्या लबाडीच्या खाती टाकता येतात काय?

परतीस मामांनी चाक हाती घेतले. पुतण्याने फोंड्यास पुन्हा टाकी भरली. जाताना साडेसात लिटर पेट्रोल लागले होते. मामांनी प्रथम टायरांतील हवा पाहिली, दोन टायरांत ती कमी होती ती भरून घेतली, आणि निघाले. त्यांच्या चालविण्यात पाहण्यासारखे काही नव्हते हेच त्याचे वर्णन. ते फार लांबवर पाहत. पुढे ट्रक मंदावलेला दिसला की आधीच पाय उचलीत, आणि आपण जवळ जाईपर्यंत तो ट्रक पुन्हा चालू लागलेला असे. ब्रेकला पाय क्वचितच लागे. चढावर त्यांनी गाडीस जोर करावयास लावले नाही आणि रेंगाळूही दिले नाही. अक्कांच्या मांडीवर तीर्थाचा गडू होता, वर नुसते फुलपात्र उपडे घातलेले. मामा एकदाच बोलले: "तीर्थ सांडले तर सांगा, म्हणजे माझे चुकले." बेळगावात घरी येईपर्यंत तीर्थ सांडले नाही. संध्याकाळी टाकी भरली तेव्हा साडेसहा लिटर पेट्रोल बसले. वेळ जाताना लागला त्यापेक्षा वीस मिनिटे अधिक लागला होता.

वरवर पाहता एका लिटराचा फरक. परंतु बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि फोंडा जवळजवळ सपाटीला. म्हणजे जाताना आम्ही सातशे मीटर उतरलो होतो आणि येताना तितकेच चढलो होतो. माणसांसह तेराशे किलो वजन सातशे मीटर वर उचलण्यास जे बल खर्ची पडते त्याचा हिशेब केला तर, पेट्रोलमधील शक्तीचा जेमतेम पाव हिस्साच चाकांपर्यंत पोचतो हे धरून, त्यास सुमारे एक लिटर पेट्रोल लागते. बाकीची तीन चतुर्थांश शक्ती उष्णता होऊन रेडिएटर व धुराच्या नळीवाटे जाते. मामांनी हा एक लिटर चढासाठी खर्चूनही एक लिटर वाचविला होता. आणि आम्ही? देवीकडे जाताना डोंगराने जे फुकट दिले तेही आम्ही घालविले.

ते कोठे गेले? याचे उत्तर इतके साधे आहे की ते आम्हांस या वयापर्यंत सुचले नाही याची लाज वाटते. ते ब्रेकमध्ये गेले. गाडीस वेग देण्यास पेट्रोल जळते; ब्रेक लावला की त्या वेगाची उष्णता होते व ती वाऱ्यावर जाते. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली अशी गाडी एकदा पूर्ण थांबविली की सुमारे वीस-बावीस मिलिलिटर पेट्रोलाने मिळविलेला वेग नाहीसा होतो; चहाचे चार चमचे म्हणा. वेग ८० असेल तर जवळजवळ आठ चमचे, कारण वेगाची शक्ती वर्गाने वाढते. हवेचा अडथळाही वर्गानेच वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. आमचा नारळ जितके वेळा आसनाखाली गेला तितके वेळा संध्येच्या पळीने दोन-चार पळ्या पेट्रोल रस्त्यावर ओतले असे समजण्यास हरकत नाही. मामांचे तीर्थ सांडले नाही आणि पेट्रोलही सांडले नाही, या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

न्यूट्रलचेही येथेच सांगून टाकू, कारण ही समजूत आपल्या सुशिक्षित मंडळींत फार रूढ आहे. कार्ब्युरेटर असलेल्या अँबॅसेडर किंवा पद्मिनी गाड्यांच्या काळी उतारावर न्यूट्रलने थोडे पेट्रोल वाचत असे. जीव धोक्यात घालून वाचत असे, पण वाचत असे. आजच्या गाड्यांत गिअर घातलेला असता पाय उचलला की इंजिनास जाणारे पेट्रोल आपोआप बंद होते, चाकेच इंजिनास फिरवितात आणि इंजिन गाडीस आवरून धरते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल पीतच राहते, आणि सारा भार ब्रेकवर पडून तो तापतो. तापलेला ब्रेक घाटात दगा देतो. पुतण्या बचत करीत नव्हता असे नाही. ऐकीव गोष्टीच्या आधाराने बचत करीत होता.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दाम मोजले म्हणजे वस्तू सर्वस्वी आपली झाली काय?

याचे एक उत्तर अर्थशास्त्राचे आहे. आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. त्याचा भार सर्वांवर पडतो. दुसरे उत्तर धुराचे. एक लिटर पेट्रोल जळले की सव्वादोन किलोंहून अधिक कर्बवायू हवेत जातो. टाकीत असताना जे माझे होते ते नळीबाहेर पडताच सगळ्यांचे होते, त्या वेण्या विकणाऱ्या बाईचे तर सर्वांआधी. पंपावर आपण मोजतो ते काढण्याचे, आणण्याचे, गाळण्याचे व कराचे पैसे. जे कोट्यवधी वर्षांत पृथ्वीच्या पोटात तयार झाले त्याची किंमत त्या पावतीत नसते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, मिळालेल्यातून काही परत न करता नुसता भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे. तेथे त्याने दाम मोजले होते की नाही, हा प्रश्नच उपस्थित केलेला नाही.

ही उत्तरे खरी आहेत. परंतु प्रामाणिक वाचक म्हणेल की, माझ्या एका लिटराने देशाची आयात कमी होत नाही आणि आभाळही स्वच्छ होत नाही. हा आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही. हिशेबाने तो बरोबर आहे. मग ज्याचा परिणाम दिसण्याजोगा नाही त्यास दोष म्हणावे काय? येथेच आम्हांस नंदादीपाच्या तेलाची आठवण होते. तेथेही एक पळी सांडल्याने देवस्थान बुडत नाही, आणि ज्योत मंदावत नाही. तरीही तो वृद्ध महाजन उठून विचारतो. तो तेलाची किंमत विचारीत नसतो. घालणाऱ्याचे लक्ष कोठे होते, हे विचारीत असतो. तेलाचा हिशेब हा एवढ्यासाठी की लक्षाचा हिशेब अन्य कोणत्याही मापाने ठेवता येत नाही.

पेट्रोलाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण त्या सात-साडेसात लिटरांत आणखी एक रक्कम मिसळलेली होती. मोळीवाला मनुष्य वाचला तो ब्रेकने, हे खरे. पण तो ब्रेक लावावा लागला तो ज्या उतावळेपणामुळे, त्यानेच नारळ गडगडत होता आणि त्यानेच टाकी रिकामी होत होती. ज्या दिवशी माणूस वाचतो त्या दिवशी फक्त पेट्रोलाचा आकडा मागे राहतो. आम्हांस त्या आकड्याची भीती वाटते ती त्यात काय काय थोडक्यात टळले आहे हे लिहिलेले असते म्हणून.

आणि हा उतावळेपणा कोणाचा होता? कठोपनिषदातील रथाचे रूपक कीर्तनकारांनी इतके वापरले आहे की ते पुन्हा काढावयास संकोच वाटतो. तरी त्यातील एक गोष्ट आमच्या पूर्वी ध्यानात आली नव्हती. तेथे रथाचा स्वामी आणि सारथी हे दोन आहेत: आत्मा रथी, बुद्धी सारथी. आजच्या गाडीत दोघे एकाच आसनावर बसतात असे वाटते, आणि म्हणून दोष सरळ चालविणाऱ्याच्या पायावर टाकता येतो. पण त्या दिवशी पाय पुतण्याचा होता व घाई आमची होती. आम्ही मागे स्वस्थ बसून "हात उचल" म्हणालो, आणि नंतर पंक्तीत त्याला वेगाबद्दल चार शब्द सुनावलेही. तो वयाने लहान, म्हणून उलट बोलला नाही. कंपनीस तो दोष देत होता, त्यास आम्ही देत होतो; आणि मामा भात कालवीत होते.

भाड्याच्या गाडीतून तीर्थयात्रा करणाऱ्यांनीही हे तपासून पाहावे. चालक बेफाम हाकतो अशी तक्रार आपण घरी येऊन करतो; पण एका दिवसात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी, नागेशी उरकून रात्री परत घरी पोचवावे, हा सौदा त्याच्याशी कोणी केलेला असतो? आमच्या आजोबांच्या वेळी घाटातून बैलगाडी येत असे व वाटेत मुक्काम पडत असत. ते दिवस परत यावेत असे आम्ही म्हणत नाही. अक्कांना बैलगाडी सोसवणार नाही आणि आम्हांसही नाही. तीन तासांत कुलदेवतेचे दर्शन घडविणारी गाडी ही कृपाच आहे. मात्र तीन तासांच्या जागी अडीच तास मागण्याची बुद्धी आम्हांस देवीने दिली नव्हती.

त्या रात्री पुतण्याने दोन्ही पावत्या जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ त्यांकडे पाहिले. कंपनीचे नाव त्याने काढले नाही. आम्ही त्याला सांगितले की, जाण्याच्या पावतीतील निम्मे पैसे आमच्याकडून घे. तो हसला, पैसे अर्थातच घेतले नाहीत.

पुढे चैत्रात पुन्हा कवळ्यास जाण्याचा योग आला. आदल्या रात्रीच अक्कांनी परडी भरून दाराशी ठेवली होती, आणि पहाटे पाचाच्या सुमारास आम्हीच सर्वांआधी गाडीत जाऊन बसलो होतो.